'बिहोव्ह'चा कर्ता कोण?

इंदूरच्या खजराना येथील गणपतीच्या देवळामागे भिंतीवर नवस बोलणारे उलटे स्वस्तिक काढतात. इच्छा फळली की सरळ काढावयाचे, अशी रीत आहे. इंदूरला शिकत असताना इंग्रजीच्या परीक्षेआधी मीही तेथे हात जोडून आलो. तरी निबंधात लिहिले, 'आय बिहोव्ह टु सर्व्ह माय कंट्री.' वाक्याखाली तांबडी रेघ आली आणि गुण गेले.

चूक कोठे झाली? 'बिहोव्ह' म्हणजे कर्तव्य म्हणून उचित असणे, शोभणे. याचा कर्ता 'मी', 'तू' नव्हे, तर 'इट'. ज्याचे कर्तव्य ती व्यक्ती कर्म होते आणि पुढे 'टु'सह क्रिया येते. म्हणून शुद्ध वाक्य : 'इट बिहोव्ह्ज मी टु सर्व्ह माय कंट्री.' न शोभणारे सांगताना 'इल' जोडावा : 'इट इल बिहोव्ह्ज अ स्टूडंट टु कॉपी.' अमेरिकेत याचा उच्चार 'बिहूव्ह' करतात व एक 'ओ' अधिक लिहितात, नियम तोच.

मराठी मुलांना हे अवघड वाटू नये. 'खोटे बोलणे तुला शोभत नाही' असे आई म्हणते, तेव्हा कर्ता 'तू' नसतो, 'बोलणे' असतो. 'तू शोभत नाहीस' म्हटले तर अर्थच पालटतो!

मात्र रोजच्या बोलण्यात 'मस्ट' किंवा 'शुड' पुरे. 'बिहोव्ह' भाषणात वा गंभीर लेखनातच शोभते.

विद्यार्थिमित्रहो, उलटे स्वस्तिक गणराय चालवून घेतो. उलटे वाक्य परीक्षक चालवून घेत नाहीत.