जुन्या बुलेटला नव्या गाडीचा फोर्क

प्रश्न : वडिलांची 1972 सालची बुलेट 350 माझ्याकडे आहे. ब्रेक दाबला की पुढचा भाग नाक घासल्यासारखा खाली जातो, खड्ड्यात ‘खट्ट’ आवाज येतो आणि पुढचा ब्रेक तर नावालाच आहे. आमच्या गॅरेजवाल्याचे म्हणणे असे, की एखाद्या नव्या स्पोर्ट बाइकचा जाड, उलटा शॉकअप डिस्कसकट बसवू, मग गाडी रस्त्याला चिकटून चालेल. असा जुना सेट बाजारात मिळतोही आहे. हा उद्योग करावा का?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुम्ही प्रश्न एकच विचारला असला तरी त्यात तीन प्रश्न आहेत. नवा फोर्क बसेल का? बसला तर गाडी नीट चालेल का? आणि तुमचे मूळ दुखणे त्याने जाईल का? गॅरेजवाल्याने पहिल्याचे उत्तर दिले आणि बाकीच्या दोन्हींचे त्यातच आले असे तुम्ही धरून चाललात. तिथेच थोडे थांबू.

बसतो का, तर बसतो. फोर्कचे दोन्ही पाइप वर-खाली ज्या दोन पट्ट्यांत आवळलेले असतात त्यांना मेकॅनिक ‘टी’ म्हणतात. खालच्या टीतून एक दांडा वर जातो आणि फ्रेमच्या गळ्यात, वर-खाली बसवलेल्या कोन सेटवर फिरतो. दोन वेगळ्या गाड्यांच्या या दांड्याची लांबी आणि जाडी सहसा जुळत नाही. मग लेथवर नवा दांडा करून तो नव्या टीत प्रेसने बसवतात, किंवा ज्याचा बाहेरचा व्यास तुमच्या फ्रेमला आणि आतला नव्या दांड्याला बसेल असे टेपर रोलर बेअरिंग शोधतात. हात चांगला असलेल्या टर्नरला यात अवघड काही नाही. मात्र दांडा कुठल्याही सळईतून काढून वेल्डिंगने चिकटवणार असेल तर तिथूनच परत फिरा. त्या एका दांड्यावर पुढचे सगळे चाक टांगलेले असते.

बुलेटच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. इतर बऱ्याच गाड्यांना वरची टी वेगळी असते आणि हेडलाइट तिच्यापुढे टांगलेला असतो. तुमच्या गाडीवर एक नजर टाका. हेडलाइट, त्याच्या दोन बाजूंचे ते बारीक पायलट दिवे, स्पीडोमीटर, अँपिअरमीटर हे सगळे ज्या एका ओतीव घरात बसले आहे, तेच घर वरच्या टीचे काम करते. फोर्कचे पाइप वर त्याच्यातच अडकतात. रॉयल एनफिल्डने ही रचना 1954 च्या मॉडेलांपासून आणली, तिला कास्केट म्हणतात. नवा जाड फोर्क लावायचा तर कास्केट काढावेच लागते. म्हणजे शॉकअप बदलताना गाडीचा चेहराच बदलतो. दिवे, मीटर, चावीचा स्विच यांची सोय नव्याने करावी लागते. स्पीडोमीटरची केबल तुमच्या गाडीत पुढच्या चाकाच्या हबवरून येते. नव्या गाडीच्या चाकात बहुधा नुसता सेन्सर असतो, तेव्हा मीटरचा काटा शून्यावरच बसून राहणार. खर्चाच्या अंदाजात या गोष्टी कोणी धरत नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि खरी गंमत इथे आहे. मोटारसायकल सरळ का चालते? हात सैल सोडला तरी हँडल आपोआप मधे का येते? स्वयंपाकघरातली गॅस सिलिंडरची ट्रॉली ढकलून पाहा. तिची बारकी चाके आपल्या खुंटीच्या मागे राहून ओढली जातात, म्हणून ती ट्रॉलीच्या दिशेने वळतात. मोटारसायकलमध्येही असेच आहे. फ्रेमच्या गळ्यातून जाणारी तिरकी रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर चाक जिथे रस्त्याला टेकते त्याच्या थोडी पुढे ती टेकते. या दोन बिंदूंतले अंतर म्हणजे ट्रेल. ते फार कमी झाले तर हँडल चंचल होते आणि खड्ड्यानंतर थरथरते. फार वाढले तर गल्लीत वळताना गाडी जड लागते.

हे अंतर तीन गोष्टींवर ठरते: गळ्याचा तिरकेपणा, चाकाची त्रिज्या, आणि टीमध्ये दांड्यापासून पाइप किती पुढे धरले आहेत ते, म्हणजे ऑफसेट. फोर्क बदलला की तिन्ही एकदम बदलतात. जुन्या गाडीचे चाक 19 इंची, स्पोर्ट बाइकचे 17 इंची आणि वर तिचा फोर्कही आखूड. पुढचा भाग जितका खाली येईल तितका गळा उभा होतो. बुलेटएवढ्या लांबीच्या गाडीत साधारण 24 मिलिमीटरला एक अंश, असे धरा.

आकडे घालून पाहू. हे समजुतीपुरते आहेत, तुमच्या गाडीचे मोजावे लागतील. समजा जुन्या गाडीचा गळा 27 अंश कललेला, चाकाची त्रिज्या 325 मिलिमीटर आणि ऑफसेट 60 आहे. ट्रेल येते सुमारे 98. नव्या चाकाची त्रिज्या 293, आणि फोर्क धरून पुढचा भाग एकंदर 50 मिलिमीटर खाली आला. गळा 25 अंशांवर आला. आता मूळचा 60 चा ऑफसेट राहावा म्हणून कोणी काळजीपूर्वक जुन्या मापाची टी करून घेतली, तर ट्रेल उरते जेमतेम 70. आणि स्पोर्ट बाइकचीच, 30 ऑफसेटची टी वापरली तर येते सुमारे 103, म्हणजे जवळजवळ पहिल्याइतकीच. ‘जुने माप जपले की सुरक्षित’ हा समज इथे उलटा पडतो. म्हणून फोर्क विकत घेताना त्याच्या मूळ टीसकट घ्यावा. नुसते पाइप स्वस्तात मिळाले तरी घेऊ नयेत.

उंची कमी झाल्याचे इतरही परिणाम होतात. साइड स्टँडची लांबी तीच राहते, त्यामुळे गाडी स्टँडवर जास्त उभी राहते आणि बाजूने कोणाचा धक्का लागला की दुसऱ्या अंगाला आडवी होते. वळताना पायदान लवकर घासते. आणि जाड पाइप हँडल पूर्ण वळवल्यावर पेट्रोलच्या टाकीला लागतात. तो पोचा दिसेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. यावर खात्रीचा उपाय एकच. जोडणी झाल्यावर फोर्कच्या स्प्रिंगा काढून ठेवायच्या, फोर्क तळापर्यंत दाबायचा, हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवायचे आणि चाक, मडगार्ड, सायलेन्सरचा पाइप, टाकी यांत कुठे काही लागते का ते बोट घालून पाहायचे. हे न करता गाडी रस्त्यावर काढू देऊ नका.

‘जाड म्हणजे आरामदायी’ ही समजूतही इथेच निकालात काढू. जाडीने फोर्क मऊ होत नाही, ताठ होतो. नळीची भिंत तितकीच ठेवून व्यास 35 वरून 41 मिलिमीटर केला तर वाकण्याला होणारा विरोध दीडपटीहून जास्त वाढतो. उलट्या फोर्कमध्ये जाड नळी वर टीत धरलेली असते, कारण वाकवणारा जोर खालच्या टीजवळ सर्वांत जास्त असतो. ट्रॅकवर याचा फायदा नक्की होतो. पण तुमची फ्रेम पुढे एकाच नळीवर उतरते आणि इंजिनालाच आपला भाग करून घेते. जे वाकणे पूर्वी फोर्कमध्ये होत असे, त्याचा जोर आता गळ्यावर आणि फ्रेमच्या जोडांवर येतो. डिस्कचा कडक ब्रेक त्यात भर घालतो. शिवाय उलट्या फोर्कचे ऑइल सील खालच्या टोकाला, चिखल-खडीच्या माऱ्यात असते आणि ते फाटले तर तेल सरळ ब्रेकच्या कॅलिपरवर उतरते. ज्यांच्या वाटेत ऊसाच्या ट्रॅक्टरने चिखल करून ठेवलेला रस्ता आहे, त्यांनी याचा विचार करावा.

आराम येतो तो स्प्रिंग आणि तेल यांच्या मेळातून. दुसऱ्या गाडीचा फोर्क त्या गाडीच्या वजनासाठी जुळवलेला असतो. पुढचा भाग जास्त जड असलेल्या गाडीचा फोर्क तुमच्या बुलेटला लावलात तर तो खड्ड्यात पुरता दबणारच नाही आणि धक्का थेट मनगटात येईल. त्याच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतील. तुम्ही बसल्यावर फोर्क आपल्या एकूण चालीच्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश दबला, तर स्प्रिंग बरोबर आहे असे समजावे.

राहिला तिसरा प्रश्न, दुखण्याचा. तेलाने हालचाल आवरणारा टेलिस्कोपिक फोर्क बीएमडब्ल्यूने 1935 मध्ये आर 12 वर आणला आणि 1949 च्या बुलेटला पुढे तसाच फोर्क होता. तेव्हा तुमचा फोर्क काही आदिमानवाच्या काळातला नाही. पन्नास वर्षे झाल्यावर मात्र त्यातले तेल काळे पडून पातळ होते, स्प्रिंगा बसतात, बुश झिजतात. ब्रेकला नाक खाली जाणे आणि ‘खट्ट’ वाजणे ही त्याचीच लक्षणे.

घरी तपासून पाहा. मेन स्टँड लावा, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा देऊन पुढचे चाक उचला. हँडल एका बोटाने हळूच डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मध्यावर ते ‘बसल्यासारखे’ अडकले तर कोन सेटच्या वाट्यांत छऱ्यांनी खड्डे पाडले आहेत. मग फोर्कची खालची टोके दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. गळ्याशी हालचाल जाणवली तर कोन सेट सैल आहे. गळा स्थिर राहून पाइपाच्या तोंडाशी खेळ दिसला तर बुश गेले. पाइपावरून नख फिरवा. गंजाचे टोचरे ठिपके लागले तर कितीही नवे ऑइल सील घाला, ते टिकणार नाही. पाइप बदला किंवा त्याला हार्ड क्रोम करून घ्या. हे सगळे नीट करून घेतलेत तर तुमची दोन तृतीयांश तक्रार तिथेच मिटेल असा माझा अंदाज आहे.

ब्रेकचे काय? आधी ड्रम लेथवर गोल करून घ्या, शू त्याच्या गोलाईला घासून बसवा आणि केबल नवी टाका. तेवढ्याने समाधान झाले नाही तर मधला मार्ग आहे. पुढे कंपनीनेच कास्केटवाल्या बुलेटना डिस्क ब्रेक दिला. त्याच घराण्यातला फोर्क, हब आणि चाक असा पूर्ण संच घेतला तर चेहरा राहतो आणि चाकही 19 इंचीच राहते. पाइपांची जाडी, आटे आणि दांडा जुळतो का, हे दोन्ही संच शेजारी ठेवून कॅलिपरने मोजूनच पैसे द्या.

शेवटी कायद्याचे, कारण गॅरेजवाले हे सांगत नाहीत. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. तुमच्या गाडीच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकींनाही विंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये असून ती दहा वर्षे चालते. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला नसावा. तुमची 1972 ची गाडी वयात बसते. कास्केट उतरवून पुढे स्पोर्ट बाइक लावल्यावर ‘मूळ रूप’ म्हणून ती अधिकाऱ्यासमोर नेणे कठीण.

तेव्हा माझे मत विचाराल तर, आधी जुना फोर्क पूर्ण उघडून नीट करा आणि महिनाभर गाडी चालवा. तरीही डिस्क हवीच वाटली तर बुलेटच्याच घरातली बघा. आणि काहीही ठरवलेत तरी काढलेला मूळ फोर्क, कास्केट आणि चाक तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा. भंगारवाल्याला देऊ नका.