आतड्याची वाट बुजली म्हणजे

आपल्या बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा सर्वांच्या परिचयाचा आहे. १६१५ च्या सुमारास बांधलेल्या या भुयारी कालव्यात चुन्याचे थर साचतात व पाण्याची वाट अरुंद होत जाते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही असेच घडते. सुमारे दीड मीटर लांबीच्या या आतड्याच्या अस्तरावर गाठ उगवते आणि ती वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढते. डावीकडे पोकळी लहान व मळ घट्ट, म्हणून तेथील गाठ वाट लवकर अडविते. उजवीकडे मळ पातळ असतो. तेथे नकळत रक्त जाऊन रक्तक्षय होतो.

एके दिवशी वाट पुरती बुजते. शौच होत नाही, वाराही सरत नाही, पोट फुगते, कळा येतात. ओकारी मागाहून सुरू होते. अशा वेळी घरात एरंडेल पाजतात. हे घातक होय. बंद वाटेवर जोर वाढला की आतडे फुटून घाण पोटात पसरते व प्राणावर बेतते. रोग्यास तोंडाने काही न देता, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे.

तेथे शिरेतून सलाइन देतात, नाकातून नळी घालून पोट हलके करतात व सीटी स्कॅनने गाठीची जागा पाहतात. उजवीकडील गाठ काढून आतडी बहुधा लगेच जोडता येतात. डावीकडे आतडे फुटले असेल वा रोगी क्षीण असेल तर फ्रेंच शल्यविशारद हार्टमन यांनी १९२१ साली मांडलेली पद्धत उपयोगी पडते. गाठीचा भाग काढून खालचे टोक शिवून टाकतात. वरचे टोक पोटावर उघडून तेथे पिशवी लावतात. काही रोग्यांची आतडी पुढे पुन्हा जोडता येतात. पिशवी लावूनही माणूस नोकरी-धंदा करू शकतो. लाजेपायी शस्त्रक्रिया नाकारू नये.

तथापि तातडीच्या शस्त्रक्रियेत जिवाला धोका अधिक असतो. म्हणून शौचावाटे रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल, अकारण घटणारे वजन अथवा रक्तक्षय दिसताच, "मूळव्याध असेल" असे म्हणून स्वस्थ न बसता डॉक्टरांकडून दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करीत आहे, आणि आपल्या स्टेशनावरून मुंबईस थेट गाडी जाते. घरातील वडीलधाऱ्यांना, विशेषतः संकोचाने गप्प राहणाऱ्या आयाबहिणींना, ही लक्षणे आपणच आपुलकीने विचारावीत.