एकतर्फी हुकूमनामा

न्यायालयाच्या दफ्तरखान्यात 31 वर्षे कारकुनी केलेल्या माणसाने निवृत्तीनंतर रंधा आणि पटाशी हाती धरावी, हे आमच्या घरात कोणालाच पसंत नव्हते. परंतु 26 जुलै 2005 रोजी, ज्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली, त्या दिवशी ओशिवरा नदीचे पाणी जोगेश्वरी पश्चिमेच्या आमच्या तळमजल्यात शिरले, वडिलांच्या वेळचे कपाट त्यात रात्रभर उभे राहिले, आणि तेव्हापासून त्या कपाटाचे दोन पल्ले माझ्या माथी एक प्रलंबित प्रकरण होऊन बसले. सागवानी चौकट शाबूत होती. पल्ल्यांवरचा सागाचा पापुद्रा, ज्याला आज सारे कारागीर विनियर म्हणतात, तो मात्र ओल्या पोथीच्या पानासारखा सुटून आला होता. कारण तो जुन्या शिरस्त्याप्रमाणे सरसाने, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढून गरमच लावायच्या गोंदाने, बसवलेला होता, आणि सरस पाण्यात पुन्हा विरघळतो. हा त्याचा केवळ दोष समजू नये. चूक झाली तर ऊन पाण्याने ती उलटवण्याची मुभा सरस देतो. आजचा पांढरा गोंद वाळल्यावर इतका उदार राहत नाही.

निवृत्तीच्या पहिल्याच पावसाळ्यात मी 6 मिलिमीटर जाडीचे प्लायवुड कापून घेतले, ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातून जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीचे कच्चे विनियर आणले, आणि त्याच संध्याकाळी, बाहेर संततधार चालू असताना, फेविकॉल अक्षरशः ओतून ते फळीच्या दर्शनी बाजूस चिकटवले. आतल्या बाजूस काही लावले नाही. कपाटाच्या आत डोकावून लाकडाची परीक्षा कोण घेतो, असा माझा हिशेब. दाबासाठी चार कोपऱ्यांवर कायद्याचे चार जाडजूड ग्रंथ ठेवले. सकाळी फळी इतकी देखणी दिसली की शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. चौथ्या दिवशी ती होडीच्या तळासारखी वाकली होती, आणि मधोमध बोटाने टिचकी मारली की पोकळ आवाज येत होता.

ती फळी काखेत मारून मी पुन्हा बाजारात गेलो. तेथे जुन्या टेबलांची डागडुजी करणारे, मूळचे कुडाळकडचे एक वृद्ध मिस्त्री बसत असत. त्यांनी फळी डोळ्यासमोर आडवी धरली आणि म्हणाले, "काका, एका बाजूला पाणी पाजलंत नि दुसरी उपाशी ठेवलीत. मग ती वाकणारच."

या दोन वाक्यांत संपूर्ण निकालपत्र होते. पांढऱ्या गोंदात निम्म्याच्या आसपास पाणी असते. ते पिऊन विनियर तंतूंच्या आडव्या दिशेस फुगते, फुगलेल्या अवस्थेतच चिकटते, आणि पुढे वाळून आकसू लागले की फळीला आपल्या बाजूस ओढते. प्लायवुडचे थर विषम संख्येत आणि एकमेकांस काटकोनात रचलेले असतात, ते याच ओढाताणीची बरोबरी साधण्यासाठी. एका बाजूस एक थर चढवला की संख्या सम होते आणि समतोल मोडतो. म्हणून मागील बाजूसही तितक्याच जाडीचे विनियर, साधे व स्वस्त का असेना, त्याच दिवशी, त्याच गोंदाने लावावे; आणि दोन्हीकडे विनियरच्या रेषा प्लायवुडच्या दर्शनी थराच्या रेषांना आडव्या येतील असे पाहावे. प्रतिवादीस न ऐकता दिलेला हुकूमनामा पुढे रद्द होऊ शकतो, हे ज्याने हजारो कागदांवर वाचले, त्याने लाकडाच्या बाबतीत नेमका तोच प्रमाद करावा याची मला आजही लाज वाटते.

मधल्या पोकळीची कैफियत निराळी. कोपरे आधी दाबल्यामुळे जादा गोंद आणि हवा मध्येच कोंडली. दाब नेहमी मध्यापासून कडांकडे न्यावा. त्यासाठी विनियरवर प्लास्टिकचा कागद, त्यावर जाड सपाट फळी, आणि मग मधले शिकंजे आधी, कडेचे नंतर आवळावेत. वर्तमानपत्र घालू नये, ते चिकटून बसते आणि त्याची शाई उतरते. गोंद फळीवर दातेरी पत्रीने पातळ व सारखा पसरावा. जाड थर विनियरच्या छिद्रांतून वर झिरपतो, आणि त्या जागी पुढे रंग किंवा पॉलिश धरत नाही. हे फिकट डाग पॉलिशचा हात फिरेपर्यंत दृष्टीसही पडत नाहीत, हीच त्यांची लबाडी.

दुकानदार रबरी गोंदाची शिफारस करतील. तो क्षणात पकडतो हे खरे. पण पकडल्यावर केसभरही सरकवू देत नाही, आणि नवशिक्याला सरकवावे तर लागतेच.

कापताना पोलादी पट्टी धरून धारदार सुरीचे तीनचार हलके हात द्यावेत. आडव्या छेदाच्या जागी आधी चिकटपट्टी लावावी, नाहीतर कडा फाटतात. घासण्यास यंत्र वर्ज्य. 180 क्रमांकाचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, रेषांच्याच दिशेने. कडांशी दोन हात जास्त झाले की अर्धा मिलिमीटर संपून खालचे प्लायवुड हसू लागते.

दुसरा पल्ला मी दिवाळीनंतर केला. विनियर आणि फळी आठ दिवस एकाच खोलीत, सपाट फळ्यांखाली ठेवून दिल्या, म्हणजे दोघांतला ओलावा सारखा झाला. तो पल्ला आजही सरळ आहे. पहिल्याचा फुगा रेषेच्या दिशेने पात्याने चिरून, आत पातळ गोंद सारून, वर कापड ठेवून कोमट इस्त्रीने बसवला. बाक मात्र गेला नाही, म्हणून तेथेही नवी फळी घातली.

गेल्या आषाढात या नव्या फळीच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढा फुगा दिसला. पाते धार लावून ठेवले आहे. कोरडी हवा पडेपर्यंत हात लावायचा नाही.