छोट्या कारखान्याचे पर्यावरण-धोरण

पर्यावरणाचे रक्षण हे शासनाचे व मोठ्या उद्योगांचे काम. दहा-पंधरा माणसांच्या कारखान्याशी त्याचा काय संबंध, असा समज सर्वत्र आढळतो. तो किती फसवा आहे हे पाहावयाचे असल्यास बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीचे उदाहरण घ्यावे. येथील अनेक लघुउद्योगांत धातूच्या सुट्या भागांवर क्रोमियम, निकेल वा जस्त यांचा मुलामा चढविला जातो. एकेका कारखान्याचे सांडपाणी थोडेच असते. तथापि वर्षानुवर्षे ते मुरत गेल्याने या भागातील भूजलात क्रोमियम आढळून आले आहे. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगास कारणीभूत ठरते, आणि खडकांच्या भेगांत शिरलेले हे द्रव्य पुन्हा बाहेर काढणे अत्यंत दुष्कर होय.

पाण्याची बाजूही तितकीच बिकट आहे. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, जवळजवळ ५०० मीटर उंची चढवून या शहरात आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातील असंख्य कूपनलिका आटल्या, तेव्हा या पाण्याचे मोल सर्वांनाच कळून चुकले.

मग छोट्या कारखान्याने धोरण ठरवावे ते कसे? भिंतीवर टांगलेले सुवचन म्हणजे धोरण नव्हे. कारखान्यात काय येते, काय बाहेर जाते आणि कोठे जाते, याची नोंद ही त्याची पहिली पायरी. मुलाम्याच्या टाकीतून वस्तू उचलली की तिला चिकटलेले द्रावण धुण्याच्या टाकीत जाते. हाच प्रदूषणाचा प्रमुख उगम असल्याने वस्तू काही क्षण टाकीवरच निथळू द्यावी, हा पहिला नियम ठरतो.

दुसरा नियम धुण्याचा. वस्तूवरील द्रावण हजारपट विरळ करावयाचे आहे असे समजा. एकाच टाकीत धुतल्यास चिकटून आलेल्या दर लिटर द्रावणामागे सुमारे १००० लिटर पाणी लागेल. परंतु दोन टाक्या ठेवून ताजे पाणी शेवटच्या टाकीत सोडले व ते वस्तूंच्या उलट दिशेने वाहू दिले, तर सैद्धांतिक हिशेबाने ३२ लिटर पुरते; तीन टाक्या असल्यास १० लिटर! पाणी घटले तरी त्यातील क्रोमियम मात्र घटत नाही, हे ध्यानात ठेवावे. म्हणून पहिल्या टाकीतील पाणी शक्य तेवढे मुलाम्याच्या टाकीतच परत वापरावे. उरलेल्या पाण्यातील षट्संयुजी क्रोमियमचे आम्लात त्रिसंयुजी रूपांतर करून, नंतर चुन्याने त्याचा साका बनवावा. हा साका धोकादायक कचरा असल्याने तो अधिकृत केंद्राकडेच पाठवावा लागतो. नदी-नाल्यांत सोडावयाच्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियम लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. आणि १९७४ च्या जल अधिनियमानुसार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही आवश्यक असते.

येथे एक प्रश्न उरतो. ज्या कामगाराला नगामागे मजुरी मिळते, त्याने वस्तू निथळण्याची वाट का पाहावी? त्या काही क्षणांची किंमत त्याच्याच खिशातून जात असेल, तर कोणतेही धोरण टिकणार नाही. म्हणून निथळण्याचा वेळ मजुरीच्या हिशेबात धरणे, सूचना कन्नडबरोबरच कामगारांना अवगत असलेल्या भाषांत लावणे, मापकावरील पाण्याचा आकडा रोज टिपण्यासाठी एक व्यक्ती नेमणे आणि महिनाअखेरीस सर्वांनी मिळून तो तपासणे, या चार गोष्टी धोरणात स्पष्ट लिहिल्या पाहिजेत. त्यांस एक पान पुरे होते. मात्र त्या पानाखाली मालकाची सही हवी. कारण मागणीची घाई झाली की नियम मोडण्याचा मोह प्रथम त्यालाच होतो.

कारखाना लहान असला तरी त्याच्या तळाखालचे पाणी त्याच्या एकट्याचे नसते. त्याच पाण्यावर शेजारची वस्तीही जगत असते, ही जाणीव हाच अशा धोरणाचा पाया होय.