पहिल्या पगारापूर्वीचे सदतीस दिवस

मुक्काम देवरुख

चिरंजीव बाळ यास,

तुझे पत्र परवा पोचले. लोअर परळच्या कचेरीत हिशेब विभागात दरमहा १८,००० रुपयांवर तुझी नेमणूक झाली आणि १ जुलैस तुला रुजू व्हावयाचे आहे, हे वाचून तुझ्या काकूने देवापुढे साखर ठेवली. परंतु त्याच पत्राच्या पाठीवर तू खर्चाची यादी लिहिली होतीस, आणि तिच्याखाली, अपराधाची कबुली द्यावी तशा बारीक अक्षरात, एवढी रक्कम जवळ नसल्यामुळे कंपनीकडून एक महिन्याची मुदत मागून घ्यावी काय, अशी पृच्छा केली होतीस. ते वाक्य वाचल्यापासून मी बेचैन आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मुदत मागू नकोस. तुझ्या वडिलांच्या आजारपणात घरातली शिल्लक सरली, ती एका महिन्यात परत येणार नाही. महिन्यानंतर तू आज आहेस तितकाच रिकामा असशील आणि जागा मात्र कदाचित दुसऱ्या कोणाच्या नावे लागलेली असेल. नोकरी मिळणे आणि नोकरीवर हजर होणे यांच्यामध्ये एक खर्चाचा ओढा असतो; ज्याच्या घरी चार पैसे आहेत त्याला तो दिसतही नाही, आणि ज्याच्या घरी नाहीत त्याला, पलीकडचा काठ डोळ्यांसमोर असूनही, पाय टाकण्याचा धीर होत नाही. हा दोष तुझा नव्हे. काम आधी आणि दाम मागाहून, या रीतीने पगार मिळतो. म्हणजे प्रत्येक नवा नोकर आपल्या पहिल्या महिन्याचे श्रम धन्याला उधार देतो, आणि ही उधारी देण्याची ऐपत त्याच्यापाशी आहे की नाही, हे त्याला कोणी विचारीत नाही.

आता तुझी यादी घेऊ. कॉटच्या जागेची अनामत ८,०००, तिचे भाडे ४,०००, खानावळ ३,६००, कपडे व बूट ४,०००, प्रवास, कागदपत्रे आणि किरकोळ २,०००, एकूण २१,६००. तू वाणिज्य शाखेचा पदवीधर असून बेरीज बिनचूक केली आहेस, परंतु तिच्यात एक ढोबळ चूक राहिली आहे, आणि तीच माणसाला सावकाराच्या दारी नेते. तू खानावळीचे दिवस तीस धरलेस. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत द्यावा (हजार किंवा अधिक माणसे कामावर असतील तेथे दहाव्या दिवसाच्या आत), असा दंडक १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने घातला, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही सातवा दिवसच ठेवला आहे. म्हणजे कंपनीने कायदा तंतोतंत पाळला, तरी १ जुलैस रुजू झालेल्या तुझ्या हाती ७ ऑगस्टपर्यंत दिडकी न येणे हे अगदी नियमास धरून आहे. बेगमी करावयाची ती सदतीस दिवसांची. तीस दिवसांची तजवीज करून निश्चिंत झालेला मनुष्य एकतिसाव्या दिवशी जो घाबरतो, तो पुढच्या सात दिवसांत वाटेल त्या कागदावर सही करतो.

पहिल्या दिवशी हिशेबखात्यात आणखी एक गोष्ट नम्रपणे विचारून घे, की हजेरीचा महिना कोणत्या तारखेस बंद होतो. पुष्कळ ठिकाणी तो २५ तारखेस बंद होतो. तसे असल्यास तुझा पहिला पगार पंचवीस दिवसांचाच असेल आणि उरलेले दिवस पुढच्या महिन्यात जातील. शिवाय १८,००० हा आकडा नेमणूकपत्रातला आहे, हातात पडणारा नव्हे. तुझे मूळ वेतन १२,००० लिहिले आहे. त्याच्या १२ टक्क्यांनी भविष्य निर्वाह निधीचे १,४४०, राज्य विमा योजनेचे पाऊण टक्क्याने १३५, आणि व्यवसाय कराचे २०० वजा जाता पूर्ण महिन्याचेही १६,२२५ उरतात. हे तू मजपेक्षा चांगले जाणतोस. परंतु स्वतःचा हिशेब मांडताना हिशेबनीसही आशेला बळी पडतो, म्हणून लिहिले.

आता जे मी तुझ्या वडिलांनाही कधी पुरतेपणी सांगितले नाही, ते सांगतो. १९७३ साली मी मुंबईस कारकून म्हणून लागलो तेव्हा आदल्या वर्षीच्या दुष्काळाने धान्य महाग झालेले होते आणि घरून निघताना माझ्या खिशात अकरा रुपये होते. लालबागेत आपल्या गावच्या मंडळाची खोली होती, अजूनही आहे. भिंतीला लागून पेट्यांची रांग, वर खुंट्यांवर वळकट्या, आणि पाळी संपवून आलेला गिरणीकामगार पाठ टेकतो तोच दुसऱ्याने उठून भोंग्याच्या दिशेने चालू पडावे, असा तिचा अहोरात्र राबता. निवाऱ्याचा प्रश्न तिने सोडविला. जेवणासाठी त्याच चाळीतल्या एका मावशींची खानावळ होती. मी कोण, कुठला, पगार किती, यातले काही न विचारता त्यांनी पहिल्याच रात्री ताट वाढले आणि महिनाअखेरीस हिशेब करू म्हणून सांगितले. एवढ्यावर मला निभावून नेता आले असते. परंतु कचेरीत इतरांसारखे दिसावे म्हणून मला दोन पाटलोणी, बूट आणि हातात घड्याळ हवेसे वाटले, आणि खोलीतल्या वडीलधाऱ्यांपाशी तोंड उघडण्याची लाज वाटली, म्हणून गिरणीच्या फाटकापाशी उभ्या राहणाऱ्या एका सावकाराकडून मी ८० रुपये काढले. दर रुपयामागे महिना दोन आणे. आणे चलनातून केव्हाच गेले होते, पण सावकारीच्या बोलीत ते जिवंत होते. महिना दहा रुपयांप्रमाणे अकरा महिन्यांत मी ११० रुपये नुसते व्याज भरले, आणि बाराव्या महिन्यातही ८० रुपये मुद्दल माझ्या नावे जसेच्या तसे उभे होते.

परंतु त्या ११० रुपयांचे दुःख मला आज नाही. पगाराच्या दिवशी सावकार फाटकाशी काठी टेकून उभा असे, म्हणून त्याचे पैसे आधी जात. मावशी काही बोलत नसत, म्हणून त्यांचे मागे राहत. वर्षभर मी त्यांचा हिशेब एक महिना उशिरा चुकविला, आणि पैसे बुडविले नाहीत एवढ्यावर स्वतःस प्रामाणिक समजलो. पुढे १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून त्यांना कर्जे मिळवून दिली, त्या वेळी चाळीत जी चर्चा चाले तीतून मला प्रथमच उमगले, की आमच्यासारख्यांची बाकी थकली की या बायका वाण्याकडून चढ्या भावाने धान्य उधार आणीत, वेळी अंगावरचा डाग गहाण टाकीत, पण ताट वाढणे थांबवीत नसत. म्हणजे माझे जे व्याज मी वाचविले असे मला वाटत होते, ते मावशी भरीत होत्या. १९८२ च्या गिरणी संपात खानावळ मोडली, त्या आपल्या गावी निघून गेल्या, आणि हे त्यांना बोलून दाखविण्याची संधी मला पुन्हा लाभली नाही.

म्हणून तुला कळकळीने सांगतो, की जो तगादा लावतो त्याच्याआधी जो गप्प बसतो त्याचे पैसे दे. ७ ऑगस्टला पगार जमा होईल, त्या दिवशी रात्रीचे जेवण होण्यापूर्वी खानावळीचा हिशेब पुरा कर.

फाटकापाशी उभा राहणारा तो मनुष्य आता तुझ्या मोबाईलमध्ये येऊन बसला आहे. दहा मिनिटांत कर्ज देऊ म्हणणाऱ्या अॅपकडून ५,००० चा कागद करून ४,००० हाती घेतलेले आणि पंधरवड्यात पुरे ५,००० फेडण्यासाठी दुसऱ्या अॅपकडे वळलेले दोन मुलगे मी याच गावात पाहिले आहेत. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी यासंबंधी निर्देश काढले: कर्जाची रक्कम कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यातून थेट कर्जदाराच्या खात्यात गेली पाहिजे, सर्व आकार मिळून वार्षिक दर किती पडतो ते आधी लेखी सांगितले पाहिजे, मोबाईलमधल्या नावांच्या यादीला हात लावता कामा नये, आणि घेतलेले कर्ज नको वाटल्यास ठरावीक दिवसांत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा आकार भरून मोकळे होण्याची मुभा असली पाहिजे. यांपैकी एक जरी अट जेथे पाळलेली दिसणार नाही तेथून मागे फीर. मात्र नियम पाळणाऱ्याकडूनही खाण्यापिण्यासाठी कर्ज काढू नये, असे माझे मत आहे.

त्याऐवजी, रुजू झाल्यावर आठवड्याभरात काम तुझ्या अंगवळणी पडले, की वरिष्ठांना दोन ओळींचा अर्ज देऊन केलेल्या दिवसांच्या पगारापोटी थोडी उचल माग. उचल हा शब्द आपल्याकडे गवंड्यापासून ऊसतोड मजुरापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. सुशिक्षितांनीच तो कमीपणाचा का मानावा, हे मला कळत नाही. ते नाही म्हणाले तर नाही. मागितल्याने मान जात नाही. नेमणुकीसाठी अनामत, गणवेशाचे आगाऊ पैसे किंवा मूळ प्रमाणपत्रे कोणी ठेवून घेऊ लागला, तर मात्र ती नोकरीच संशयास्पद समज. तुझ्या नेमणूकपत्रात तसे काही नाही, ते मी दोनदा वाचले. प्रमाणपत्रे दाखवून परत घे आणि नकला तेवढ्या दे. पगाराचे खाते कंपनी उघडून देईल. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही.

काटकसरीविषयी एक गोष्ट ध्यानात ठेव, कारण पुस्तकी उपदेशात ती सापडत नाही. स्वस्त पडणाऱ्या कित्येक वस्तू विकत घ्यायला आधी भांडवल लागते. लोकलचा तीन महिन्यांचा पास महिन्याच्या पासाच्या २.७ पट किमतीत मिळतो, वर्षाचा १०.८ पट, म्हणजे ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला प्रवासही स्वस्त. पुढे तू दिवा-डोंबिवलीकडे बिऱ्हाड करशील तेव्हा पहिले दोन महिने महिन्याचाच पास काढ आणि चार पैसे जास्त गेले म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. ती उधळपट्टी नव्हे. सध्या तर पासच नको: तू आपल्या मंडळाच्या खोलीत राहा, लालबागेहून लोअर परळ अर्ध्या तासाची चाल आहे. कॉटच्या जागेचा बेतही तूर्त सोड. जेव्हा घेशील तेव्हा करार लेखी व नोंदलेला हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे, आणि अनामतीची पावती घेतल्यावाचून रक्कम सोडू नये.

कपड्यांत मात्र फाजील काटछाट करू नकोस. जुलैच्या पावसात रात्री धुतलेला सदरा सकाळी वाळत नाही, म्हणून दोन नव्हे, तीन सदरे हवेत. पाटलोणी दोन पुरेत, गडद रंगाच्या. चामड्याचे बूट यंदा घेऊच नकोस. लालबागच्या पाण्यात ते पंधरा दिवसांत उसवतील. प्लास्टिकच्या चपला घालून कचेरीपर्यंत जावे आणि साधे काळे कापडी बूट मेजाखाली ठेवावेत. छत्री माझी घेऊन जा, तिच्या काड्या नुकत्याच बदलल्या आहेत.

आता माझी यादी. खोलीची वर्गणी १,०००. सदतीस दिवसांचे जेवण, रोजचे १२० प्रमाणे ४,४४०. कपडे आणि पादत्राणे २,२००. प्रवास व कागदपत्रे ९००. आणि अचानक ताप आला किंवा फोन बिघडला तर ९६०. एकूण ९,५००. तुझ्याजवळ २,५०० आहेत असे तू लिहितोस. उरलेले ७,००० मी आज तुझ्या खात्यावर भरले आहेत. ती देणगी नव्हे, उसनवार आहे, कारण देणगी दिली तर तू पुन्हा कधी मजपाशी मोकळेपणाने मागणार नाहीस. पहिल्या पगारातून मला काही पाठवू नकोस, त्यावर खानावळीचा आणि तुझ्या आईचा, वहिनींचा, हक्क आहे. दुसऱ्या पगारापासून दरमहा १,००० प्रमाणे सात हप्ते. वहीत माझ्या नावाचे खाते घाल आणि मी इकडे तुझ्या नावाचे घातले आहे.

मंडळाच्या चिटणिसांशी कालच बोलणे झाले. सध्या खोलीत सहाच माणसे आहेत, पेटी ठेवायला उजव्या कोपऱ्यात जागा आहे, आणि किल्ली शेजारच्या बिऱ्हाडी असते. ३० जूनला दिवेलागणीपूर्वी पोच, आणि पोचल्याबरोबर आधी वहिनींना फोन कर, मग मला.

तुझा,
काका