मनाला लागणारा दुसरा बाण



आपल्या बहुतेक घरांत कॉलेजात जाणारी ही पहिलीच पिढी. परतूर-भोकरदनचा मुलगा औरंगाबादेस (आताचे छत्रपती संभाजीनगर) वसतिगृहात राहतो, एका विषयात नापास होतो आणि मनाशी म्हणतो, "संपलं सगळं. मी कशाच्याच लायकीचा नाही." एका पेपरचा निकाल तो साऱ्या आयुष्याला लावतो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६० च्या दशकापासून अशा वाकड्या विचारांचा अभ्यास केला. 'पुढे काहीच सुधारणार नाही' ही भावना आत्महत्येकडे नेते, असे त्यांना आढळले.

तथागतांनी सल्लसुत्तात दोन बाणांची उपमा दिली आहे. दुःख येते तो पहिला बाण. त्यावर मन कुढत राहते तो दुसरा. नापास होणे हा पहिला, 'मी नालायक' हा दुसरा.

मात्र पहिला बाण खोटा समजू नका. जळगावची डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. मे २०१९ मध्ये तिने आत्महत्या केली. वरिष्ठांनी जातीवरून छळले अशी तक्रार तिच्या आईने केली व प्रकरण न्यायालयात गेले. तेव्हा अपमान सांगणाऱ्या मुलीला "तुझ्या मनाचे खेळ" म्हणू नका. तिच्याबरोबर जा, लेखी तक्रार द्या. चुकीचा असतो तो 'माझीच किंमत नाही' हा निष्कर्ष. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना जातीमुळे राहायला जागा मिळेना. नोकरी सोडून ते परतले. पुढे लंडन विद्यापीठाने त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंध दुरुस्तीसाठी परत केला. तो पुन्हा लिहून १९२३ साली त्यांनी पदवी घेतली.

घरी आपण मायेने म्हणतो, "तुझ्यासाठी जमीन विकली रे." पोराला ते कर्जासारखे ऐकू येते. फोनवर मार्कांआधी जेवला का, झोपला का, हे विचारा.

पोर गप्प झाले, झोप उडाली, आवडीच्या वस्तू वाटू लागले, 'मी नसलो तर बरे' म्हणाले, तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध कुलपात ठेवा, डॉक्टरांकडे न्या. अंगारे-दोरे तर आपण १९५६ सालीच सोडले! १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी फोन रात्रंदिवस व मोफत चालतो; मराठीतही बोलता येते. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरविले आहे.