ऊस, पाईप आणि कुडाची भिंत



उसाला ठिबक करायचे किंवा वेदगंगेवरून वर माळाला पाणी न्यायचे ठरले, की दुकानात आपला पहिला प्रश्न भावाचा असतो. बैल घेताना आपण दात बघतो, चाल बघतो, खांदा चाचपतो. पाईप मात्र नुसत्या रंगावर आणि दुकानदाराच्या शब्दावर घेतो. हा पैसा बहुतेक वेळा कर्जाचा असतो आणि पाईप फुटतो तो नेमका उन्हाळ्यात, ऊस पाण्याला आलेला असताना. म्हणून या अंकात खता-बियाण्याचा विषय बाजूला ठेवून, पाईप ज्याचा करतात त्या मालाविषयी थोडे लिहितो.

प्लास्टिक म्हणजे पॉलिमर. मराठी पुस्तकात त्याला बहुवारिक म्हणतात. शब्द अवघड असला तरी गोष्ट सोपी आहे : एकाच जातीचे लहान लहान रेणू मण्यांसारखे एकापुढे एक ओवले, की जी लांबलचक साखळी होते ती पॉलिमर. अशी साखळी असते हे हर्मन श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने 1920 साली मांडले, तेव्हा भल्याभल्यांनी ते मानले नव्हते. पुढे 1953 साली त्यालाच नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याला हे कळायला जर्मनीला जायची गरज नाही, ऊसच बघा. साखरेचा एक रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. हेच ग्लुकोजचे मणी एका पद्धतीने ओवले की स्टार्च होतो, जो ज्वारीत आणि तांदळात असतो. ओवण्याची पद्धत थोडी बदलली की सेल्युलोज होते, जे पाचटात आणि बगॅसमध्ये असते. मणी तोच, नुसती गाठ वेगळी. एवढ्या फरकाने भात माणसाला पचतो आणि पाचट पचत नाही.

तिसरी एक साखळी आहे, तिचा आपल्या खिशाशी थेट संबंध आहे. ऊस तोडला की कापलेल्या टोकातून ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू आत शिरतात. ते साखरेची जोडी फोडतात आणि त्यातल्या ग्लुकोजच्या मण्यांची डेक्स्ट्रान नावाची चिकट साखळी विणतात. म्हणजे आपण वर्ष-दीड वर्ष पोसलेली साखर फडात पडल्या पडल्या डिंक होते! असा रस गाळायला जड, उकळायला जड. साखरेचा दाणा चौकोनी न होता सुईसारखा लांबट पडतो आणि मळीत साखर जास्त जाते. प्रयोगशाळेतल्या पोलच्या तपासणीलाही डेक्स्ट्रान फसवते. यंत्र साखर जास्त दाखवते, पोत्यात तेवढी भरत नाही. जळीत उसात आणि तुकडे होऊन पडलेल्या उसात हे काम आणखी वेगाने होते. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे शेतकी खाते घसा कोरडा करून सांगते ते यासाठी. उतारा घसरला की तोटा एकट्याचा नसतो, सगळ्यांच्या दरात तो येतो.

आता माणसाने केलेल्या साखळ्या. इथिलीन नावाच्या वायूचे मणी ओवले की पॉलिथिन होते. ते 1933 साली इंग्लंडमध्ये प्रथम सापडले. आपली ठिबकाची काळी लॅटरल त्याचीच. इथिलीनच्या मण्याला क्लोरिनची जोड असली की पीव्हीसी, म्हणजे पाईपलाईनचा ताठ पाईप. या दोन्हींत साखळ्या एकमेकींशेजारी नुसत्या पडलेल्या असतात. म्हणून तापवले की मऊ, थंड झाले की पुन्हा घट्ट. शेतात पाईप शेकून सॉकेट करता येते ते याच गुणामुळे. पण पेटत्या पाचटावर पाईप काळा होईतो भाजू नका. त्यातून आम्लाचा धूर निघतो, तो छातीला वाईट, आणि तो जोड पुढे तिथेच तडकतो. उलट स्टार्टरचे काळे बेकेलाइट किंवा ट्रॅक्टरचा टायर तापवून पुन्हा मऊ होत नाही. त्यात साखळ्या आडव्या टाक्यांनी एकमेकींना शिवलेल्या असतात.

या साखळ्यांचा मोठा वैरी म्हणजे ऊन. उन्हातले अतिनील किरण साखळी जागोजाग तोडतात आणि मग पाईप काचेसारखा होतो. लॅटरल काळी असते ती शोभेसाठी नाही. तिच्यात साधारण अडीच टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी, घातलेली असते. ती ऊन स्वतः झेलते. पीव्हीसीत ही सोय कमी, म्हणून तो पाईप बांधावर उघडा न ठेवता जमिनीत गाडायचा, आणि गाडेपर्यंत सावलीत ठेवायचा.

आता कुडाच्या भिंतीकडे येतो. पाटगावच्या बाजूला जुन्या घरांत कारवीच्या काठ्यांचे कूड असत आणि वरून शेणमातीत भाताचे पिंजर कालवून लिंपत. नुसती माती वाळली की भेगाळते, नुसते पिंजर उभे राहत नाही. दोन्ही मिळून भिंत टिकते. एकाने भार घ्यायचा, दुसऱ्याने ताण, यालाच संमिश्र पदार्थ म्हणतात. स्लॅबमधले काँक्रीट आणि सळी तेच, टायरमधले रबर आणि नायलॉनचे धागे तेच. एफआरपी म्हटले की आपल्याला उसाचा दर आठवतो. कारखानदारीत मात्र तीच अक्षरे काचेच्या तंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकला वापरतात! ऊसही संमिश्रच आहे. सेल्युलोजचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे लिग्निन. म्हणून तो उभा सहज चिरतो, आडवा तोडायला कोयता लागतो. तंतू सालीकडे दाट असतात, वाऱ्याचा ताणही तिथेच जास्त बसतो.

पीव्हीसीतही भर घालतात, चुनखडीच्या भुकटीची. बेताची भर चालते, ती भेसळ नव्हे. पण भुकटीत तंतू नसतो, पिंजरासारखी ती धरून ठेवत नाही. स्वस्त पाईपमध्ये ती बेसुमार असली की पाईप ठिसूळ होतो. दुकानात अर्ध्या फुटाचा तुकडा मागून घ्या आणि पायाखाली किंवा व्हाईसमध्ये चेपा. चांगला पाईप चपटा होतो, तडकत नाही. लॅटरलचा तुकडा पाण्यात टाका. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलके, ते तरंगले पाहिजे. बुडाले तर भुकटी जादा आहे. भंगार वितळवून केलेली लॅटरल मात्र तरंगेल, तिथे ही परीक्षा कामाची नाही. म्हणून छापील मार्क बघा : पीव्हीसीला आयएस 4985, लॅटरलला आयएस 12786.

पाईपवर 4, 6, 10 असे किलोचे आकडे असतात तेही वाचा. दहा मीटर चढाला ढोबळमानाने एक किलो दाब धरा. नदीपासून शेत 45 मीटर उंच असेल तर खालच्या टोकाला साडेचार किलो नुसत्या उभ्या पाण्याचाच दाब. तिथे चार किलोचा पाईप टिकायचा नाही. शिवाय वीज अचानक गेली की वरचे पाणी उलटे येऊन दणका देते, तो वेगळा. आमच्या मते अशा ठिकाणी खालच्या टप्प्याला एक वर्ग वरचा पाईप आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह यांत काटकसर करूच नये. आणखी एक : हा आकडा 27 अंश तापमानाला धरलेला असतो. उन्हात तापलेल्या उघड्या पाईपची ताकद त्याहून कमी.

शंभर मीटर पीव्हीसी वीस अंशांनी तापला की वीतभरापेक्षा थोडा कमी वाढतो. भर दुपारी जोडून लगेच चर बुजवला तर रात्री तो आखडून जोड ओढतो. म्हणून जोडणी सकाळी करा, सोल्युशन वाळू द्या, आणि पाणी सोडून गळती बघितल्यावरच जोडांवर माती लोटा. पाईप घेण्याआधी कुणाला तुकडा दाखवायचा असल्यास गट कार्यालयात घेऊन या, आपण मिळून चेपून बघू.